तळघराचे कारभारी

सेवानिवृत्तीनंतर माणसाला जे छंद जडतात त्यांत बागकाम, होमिओपॅथी, कुलवृत्तान्त आणि संपादकांशी पत्रव्यवहार हे चार प्रकार आपल्याकडे पूर्वापार मान्यता पावलेले असले, तरी सातारा आणि सांगली या दोन गावांत एक पाचवाही पंथ नांदत असून त्याचे अनुयायी संख्येने अल्प असले तरी निष्ठेने कडवे आहेत. हे गृहस्थ कडक बिअर विकत घेतात, घरी आणतात आणि पीत नाहीत. बाटली काळोखात उभी करून ठेवावी, तिच्या गळ्यात आवक-तारखेची चिठ्ठी बांधावी आणि वर्षानुवर्षे तिचे वय मोजीत बसावे, एवढाच त्यांचा विषयोपभोग. आपण त्यांना मुरवणकर म्हणू. आडनाव काल्पनिक आहे. माणूस शोधायला फार लांब जावे लागणार नाही.

साताऱ्याचा मुरवणकर बहुधा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून उतरलेला असतो. एखाद्या जुन्या पेठेत त्याचा वडिलोपार्जित वाडा असतो, वाड्याचा वरचा मजला भाऊबंदकीत गेलेला असतो आणि वाटणीत त्याच्या वाट्याला तळघर आलेले असते. ज्या तळघरात आजोबांच्या अमदानीत जोंधळ्याची पोती होती तेथे आता भिंतीला तापमापक टांगलेला आहे आणि कोनाड्यात एक जाडजूड नोंदवही आहे. तिच्यात अनुक्रमांक, आवक, मद्यार्काचे प्रमाण, शेरा आणि जावक असे रकाने तांबड्या शाईने आखलेले असून जावकाच्या रकान्याला आजतागायत शाई लागलेली नाही. तळघरातील हवेत चढउतार होऊ नये याची पाहणी करण्यासाठी हे रावसाहेब दिवसातून तीन वेळा दार उघडून खाली उतरतात, त्यामुळे पारा थोडा वर चढतो, आणि तो चढल्याची नोंदही ते शेऱ्यात इमानाने करतात.

शास्त्र मात्र त्यांना मुखोद्गत आहे आणि ते खोटे नाही. मद्यार्क ८ टक्क्यांच्या वर असावा, रंग काळसर असावा, बाटलीच्या तळाशी जिवंत यीस्ट असावे म्हणजे आत राहिलेला प्राणवायू ते शोषून घेते. उजेड लागू नये, कारण उजेडाने हॉप्समधील कडू द्रव्यांचे विघटन होऊन उग्र दुर्गंधी सुटते आणि म्हणूनच तपकिरी काच हिरवीपेक्षा सुरक्षित. बाटली उभी असावी म्हणजे गाळ तळाशी बसतो. आणि उष्णमान १० ते १३ अंशांच्या दरम्यान असावे. एवढी पथ्ये सांभाळली की वर्षे जातात तसा हॉप्सचा कडवटपणा ओसरतो आणि त्याच्या जागी खजूर, मनुका, शेरी यांचा गंध येतो. आता सातारच्या भूगर्भात १३ अंश कोठून आणायचे, असे कोणी विचारलेच, तर रावसाहेबांकडे उत्तर तयार असते. उष्णतेने मुरण्याची क्रिया झपाट्याने होते, सबब येथील एक वर्ष म्हणजे विलायतेतील दोन-तीन. खडतर मुलखातील नोकरी पेन्शनला दुप्पट धरावी, त्यातलाच हा प्रकार. उष्णतेने मुरण्याइतकेच बिघडणेही झपाट्याने होते, हे कलम ते वाचून दाखवीत नाहीत.

खरी अडचण उष्णमानाची नाही, मालाची आहे. आपल्याकडे ‘स्ट्राँग’ म्हणून जी विकली जाते ती फिकट लागर जातीची बिअर असून तिचा मद्यार्क जेमतेम ८ टक्क्यांपर्यंत जातो, गाळून व तापवून तिच्यातील यीस्ट नाहीसे केलेले असते, आणि सहा महिन्यांत संपवा अशी मुदत चिठ्ठीवर छापलेली असते. ही मुदत रावसाहेबांना एखाद्या नवशिक्या उमेदवाराने टाकलेल्या शेऱ्याइतकीच ग्राह्य वाटते. फिकट बिअरवर प्राणवायूची क्रिया झाली की तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, हे जगातले सर्व बिअरवाले एकमुखाने सांगतात आणि त्याला दोष मानतात. परंतु ज्या गृहस्थाने उभी हयात रेकॉर्डखोलीत जुन्या फायलींच्या सहवासात काढली, त्याला त्या वासात दोष कसा दिसावा? एकदा एक बाटली आपोआप फुटली तेव्हा तळघरात जो दरवळ पसरला, त्याने म्हणे त्यांना १९७८ सालच्या फेरफारांची आठवण झाली आणि डोळे पाणावले.

तरीही त्यांच्या संग्रहात काही अस्सल नग आहेत. पुण्याच्या भाच्याने आणून दिलेली बेल्जियमची निळ्या चिठ्ठीची शिमे हा त्यांचा मुकुटमणी. स्कूरमाँच्या मठात ट्रॅपिस्ट संन्याशांच्या देखरेखीखाली ती तयार होते, मद्यार्क ९ टक्के, आणि चिठ्ठीवर साल छापलेले. संन्याशांनी मद्य गाळावे आणि संसारी माणसाने ते न पिता राखावे, या विपर्यासात रावसाहेबांना अध्यात्म दिसते. इतिहासाचे दाखले तर विचारूच नका. इंग्लंडातील जमीनदारांच्या घरी वारस जन्मला की कडक बिअरचे पिंप भरीत आणि तो २१ वर्षांचा झाला की फोडीत. १९६८ साली डॉर्चेस्टरच्या एल्ड्रिज पोप यांनी टॉमस हार्डी या कादंबरीकाराच्या नावाने बिअर काढली, ती २५ वर्षे सुधारत जाईल असा त्यांचा दावा होता. हा २५चा आकडा रावसाहेबांनी स्वतःच्या वयात मिळवून पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी मृत्युपत्राच्या मसुद्याला हात घातला.

तेथे कायदा आडवा आला. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ अन्वये मद्य बाळगण्यास परवाना लागतो. त्यांच्याजवळ आजीवन परवाना आहे, पण आजीवन म्हणजे जीवन असेतोवर, आणि मुलगा तर सुपारीच्या खांडालाही शिवत नाही. परवान्याच्या मुळाशी मद्य हे प्रकृतिस्वास्थ्यासाठी लागते ही जुनी भूमिका आहे, आणि ती मात्र रावसाहेबांनी शब्दशः पाळली आहे: एकही बाटली न उघडल्यामुळे त्यांची प्रकृती उत्तम आहे. वहिनींचे मत याहून संक्षिप्त आहे. “लोणचं मुरवतात ते पानात वाढायला,” एवढे बोलून त्या स्वतःच्या बरण्या घेऊन वर निघून जातात.

सांगलीचा मुरवणकर त्यांचा साडू. हे शेटजी पेन्शनर नव्हेत, हळदीचे अडत्ये, राहायला गावभागात. त्यांचा अभिमान हरिपूरच्या पेवांचा. कृष्णा-वारणेच्या संगमावरील त्या गावात जमिनीत खोल खणलेल्या, अरुंद तोंडाच्या आणि पोटाला रुंद अशा पेवांत हळद भरून तोंड मातीने बंद करीत, आणि ती वर्षानुवर्षे कीड न लागता टिके. आतला प्राणवायू इतका कमी होई की पेव उघडल्याबरोबर आत उतरण्याची छाती कोणी करीत नसे. २००५च्या महापुरात यांतील कितीतरी पेवे गेली. शेटजींचे म्हणणे असे की, बिअरचा वैरी प्राणवायू आणि पेवात तोच नाही, तेव्हा सांगलीकरांना विलायतेकडून शिकण्यासारखे काही नाही. बाटलीला बूच असते, त्यामुळे बाहेरच्या हवेत प्राणवायू असला काय आणि नसला काय, फरक फारसा पडत नाही. पण ही हरकत घेण्याचे धारिष्ट मला झाले नाही. द्राक्षांच्या जिल्ह्यात राहून, पलूसला वाइन पार्क असताना बिअर कशाला, असे विचारले तर ते म्हणतात, “द्राक्षाचं सगळेच करतात हो.” परसात छोटेसे पेव खणून त्यांनी माल भरला.

आणि २०१९चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर चढली, गावभाग पाण्यात गेला, आणि पाणी उतरल्यावर पेव उपसले तेव्हा बाटल्या एकूण एक शाबूत निघाल्या. चिठ्ठ्या तेवढ्या धुऊन गेल्या होत्या, आणि नोंदवहीचा लगदा झाला होता. कोणती बाटली कोणत्या सालची, कोणती बेल्जियमची आणि कोणती कोपऱ्यावरच्या दुकानातली, हे ब्रह्मदेवालाही सांगता येईना. ज्या शौकात वय हेच सर्वस्व, तेथे जन्मदाखलाच नाहीसा होणे यापरते अरिष्ट नाही. रावसाहेब साताऱ्याहून रीतसर पंचनाम्यास आले. काचेचा रंग, बुचाचा गंज, गाळाची जाडी यांवर दोन दिवस रुजुवात चालली. शेवटी कंटाळून मी सुचवले की एकेक बाटली उघडून चाखली तर निकाल लागेल. दोघा साडूंनी माझ्याकडे असे पाहिले की जणू वंशावळ जुळत नाही म्हणून मी घरातले मूल कापून पाहायला सांगितले होते. “शेटजी, कागद नाही म्हणून मालकी जात नाही, वहिवाट धरू,” असे म्हणून रावसाहेबांनी सर्व बाटल्यांना सरसकट २०१९ हे जन्मसाल लावून टाकले. त्या पुन्हा पेवात गेल्या. जावकाचा रकाना नव्या वहीतही कोराच आहे.

वाचकांपैकी कोणाच्या घरी निळ्या चिठ्ठीची, तळाशी गाळ असलेली बाटली असेल तर ती काळोखात, फ्रिजच्या सर्वांत कमी गार कप्प्यात उभी करून दोन-चार वर्षे खुशाल ठेवावी. कोपऱ्यावरच्या दुकानातली असेल तर ती मुरणार नाही, शिळी होईल; याच रविवारी, परवाना खिशात ठेवून, गार करून प्यावी.