परीक्षेची केस

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे नाशिकला, आणि यवतमाळपासून नाशिक पाचशे किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे साडेचार वर्षं एमबीबीएस आणि वर एक वर्ष इंटर्नशिप करूनही यवतमाळच्या विद्यार्थ्याला आपल्या विद्यापीठाची इमारत दिसेलच, याची खात्री नाही. विद्यापीठ त्याला भेटतं ते हॉल तिकिटावर, प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर आणि निकालाच्या दिवशी. आज वसंतराव नाईकांचं नाव लावणारं इथलं सरकारी मेडिकल कॉलेज 1989 साली सुरू झालं, तेव्हा ते अमरावती विद्यापीठाला जोडलेलं होतं. कागदात काही घोळ झालाच, तर सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी घरी. 1998 मध्ये आरोग्य विद्यापीठ स्थापन झालं आणि राज्यभरची अॅलोपॅथी, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, दंतवैद्यक, नर्सिंग, फिजिओथेरपी अशी सगळी बिऱ्हाडं एका छताखाली आली. छत मोठं झालं, एसटीचा प्रवासही.

पण आमच्या डिग्रीचा फैसला नाशिकला होत नसे. तो होत असे वॉर्डातल्या लोखंडी खाटेवर, आणि तो करणाऱ्याला म्हणत ‘परीक्षेची केस’.

फायनलच्या प्रॅक्टिकलला एक लाँग केस, काही शॉर्ट केसेस आणि दुसऱ्या कॉलेजातून आलेले एक्स्टर्नल परीक्षक. केस म्हणजे ज्याच्या अंगात काहीतरी ठळक, हाताला लागणारं किंवा कानाला ऐकू येणारं आहे असा माणूस. असे लोक रेसिडेंटांना ठाऊक असतात. परीक्षा जवळ आली की घाटंजीला, आर्णीला, पांढरकवड्याला निरोप जातात आणि हे लोक पिशवी घेऊन हजर होतात. बऱ्याच बॅचेस त्यांच्या अंगावरून गेलेल्या असतात. अनुभवाच्या बाबतीत खाटेवरचा माणूस सीनियर, एप्रनमधला ज्युनियर.

झडपेच्या आजाराच्या मावशी घ्या. मायट्रल झडप अरुंद झाली की तिचा आवाज डाव्या कुशीवर, श्वास सोडून थांबल्यावर नीट ऐकू येतो. विद्यार्थ्याला घाम फुटलेला, स्टेथोस्कोप कानात उलटा. मावशी शांतपणे विचारतात, “डाव्या कुशीवर होऊ काय, बापू?” बापूंनी मान हलवायच्या आत त्या वळलेल्याही असतात आणि श्वास सोडून थांबलेल्याही. एवढ्यावरही ज्याला आवाज ऐकू येत नाही, त्याच्याकडे त्या ज्या करुणेनं बघतात, ती एक्स्टर्नलच्या डोळ्यांत मी कधी पाहिली नाही.

आणि सिकलसेलचे काका. विदर्भात हा आजार बराच, त्यामुळे आमच्याकडे ही केस हमखास. काकांचं पोट तपासायला मुलीनं थेट डाव्या बरगडीखाली हात घातला की काका पुटपुटत, “तिथून नाई वो पोरी, खालून ये. उजवीकून. अन् हात गरम करून घे पयले.” आता पानथरी वाढते ती उजव्या ओटीपोटाच्या दिशेनं, म्हणून चाचपणी तिकडूनच सुरू करायची, हे पुस्तकातही आहेच. पण पुस्तक वेळेवर पुटपुटत नाही.

काकांची खरी गंमत पुढेच होती. जाडजूड इंग्रजी पुस्तकांत लिहिलेलं असे की सिकलसेलमध्ये रक्तपुरवठा वारंवार तुटून पानथरी लहानपणीच आक्रसते, मोठेपणी हाताला लागत नाही. ते चूक नव्हतं. फक्त ते वर्णन मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या रुग्णांचं होतं. मध्य भारतातल्या रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं, आणि बऱ्याच जणांची पानथरी मोठेपणीही शाबूत, वाढलेली असते. त्यामुळे पाठांतरात पहिला येणारा विद्यार्थी काकांच्या पोटावर हात ठेवून “लागत नाही, सर” म्हणे, आणि पास-नापासच्या सीमेवरचा मुलगा “चार बोटं, सर” सांगून सुटे. काकांना दोघांचाही सारखाच कळवळा. पहिल्या येणाऱ्याला त्यांनी दोनदा खोकूनही दाखवलं होतं.

सगळेच रुग्ण परीक्षेसाठी येतात असं मात्र नाही. 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेली माणसं यवतमाळच्या वॉर्डांत भरती झाली. जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, अॅट्रोपीन. पुस्तकातला तो परिच्छेद त्या वर्षीच्या मुलांना कुणी पाठ करायला सांगितला नसेल. तिथे कुणी पुटपुटून उत्तर सांगत नव्हतं.

परीक्षा आटोपली की एक्स्टर्नल भत्त्याचं बिल भरून धामणगावची गाडी गाठतात. गुणपत्रिकेवर विद्यापीठाचं नाव, परीक्षा नियंत्रकांची सही, सगळं रीतसर. काकांना कुठे कुठे विभागातली मंडळी वर्गणी काढून जेवण आणि जायचं भाडं देतात. कुठे चहावर भागतं.

तेव्हा विद्यापीठाला एक नम्र विनंती. परीक्षेच्या खर्चाच्या तक्त्यात एक्स्टर्नलच्या खाली आणखी एक रकाना आखावा: ‘केस: एसटीचं भाडं, बुडालेली रोजी आणि दोन वेळचं जेवण.’ बिलावर सही करायला काका तयार आहेत.