काळा ओटा, पांढरा कप

“वहिनी, तुमचा कढीपत्ता तोडतेय हं, दोन डहाळ्या!”

“तोडा की ताई. त्या निमित्तानं तरी कुंपणाशी याल. परवा तुंगार्लीला वास्तुशांतीला गेला होतात ना? कसा आहे बंगला?”

“बंगला झकास. पण स्वयंपाकघर पांढरंफटक! ओटा पांढरा, टाइल्स पांढऱ्या, ट्रॉल्या पांढऱ्या, वर कपबशासुद्धा पांढऱ्या. मला दवाखान्यातच आल्यासारखं वाटलं.”

“आणि हळद सांडली म्हणजे?”

“तेच तर! सून पोह्यांना फोडणी देतेय आणि पाठोपाठ फडकं फिरवतेय. संगमरवर आहे म्हणे. मनात म्हटलं, बाई गं, अजून लिंबू पिळायचंय. संगमरवर म्हणजे शेवटी चुनखडीच. आंबट पडलं की तेवढी चकाकी गेली. ग्रॅनाइटला लिंबाचं काही वाटत नाही.”

“पण आमचा जुना कडप्पाही आंबटानं पांढुरका पडायचा हो. सासूबाई तेलाचा बोळा फिरवायच्या.”

“तोही चुनखडीचाच दगड, काळा असला म्हणून काय झालं? बरं, खरी गंमत पुढेच. त्यांच्या आजींना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चहा ओतायला गेल्या, तर पांढऱ्या ओट्यावर पांढरा कप. निम्मा चहा ओट्यावर! नातू म्हणतो, आजी, हळू. अरे, हळू काय? कपाची कड दिसायला नको? काळ्या ओट्यावर पांढरा कप कसा लांबून उठून दिसतो.”

“आणि काळ्या ओट्यावर काळी कढई? माझी बोटं पोळलीत तशी.”

“म्हणून तर दोन्ही रंग हवेत. कढईखाली एखादी लाकडी पाटी ठेवा. काळ्यावर पीठ सांडलेलं लगेच दिसतं म्हणून लोक कुरकुरतात. अहो, दिसतं म्हणून तर पुसलं जातं!”

“आमच्या ह्यांनी नव्या स्वयंपाकघरासाठी मोबाइलवर सगळं राखाडीच काढून ठेवलंय. ओटा राखाडी, भिंत राखाडी, ट्रॉल्या राखाडी.”

“लोणावळ्यात? जूनपासून चार महिने खिडकीबाहेर दुसरा रंग असतो का? भरदुपारी दिवे लावून भाजी चिरायची. ओटा हवा तेवढा काळा करा, पण भिंत उजळच ठेवा.”

“मला लाकूडही हवंय. सागाच्या रंगाच्या ट्रॉल्या.”

“हव्यात तर वर करा, हाताशी. सिंकखाली मात्र स्टील नाहीतर दगडी फळी. आमच्या ओळखीत एकीची ट्रॉली पहिल्याच श्रावणात फुगून अडकली. साखर आत, पाहुणे बाहेर!”

“पण दगडाशेजारी लाकूड शोभेल ना? हे म्हणतात, ठिगळ दिसेल.”

“एकवीरेला जाता ना दर वर्षी? शेजारच्या कार्ल्याच्या चैत्यात कधी वर बघितलंय? छताच्या कमानी सागवानी आहेत, जवळजवळ २,००० वर्षांपूर्वीच्या. त्या छत तोलतही नाहीत बरं का, कातळ आपला आपण उभा आहे. ज्यांनी एवढा डोंगर कोरला त्यांना दगडी कमानी कोरता आल्या नसत्या? पण त्यांना तिथं लाकूडच हवं होतं. भाज्यालाही तेच. बाहेर कातळ, आणि आजवर टिकलेलं लाकूड आत, उंचावर. मला नाही बाई त्यात कुठं ठिगळ दिसलं.”

“हे म्हणतील, तुला स्वयंपाकघर हवंय की लेणं?”

“म्हणू द्या. आधी सुताराला प्लायवरचा शिक्का दाखवायला सांगा. मरीन प्लायवर आयएस ७१० लिहिलेलं असतं. तोंडानं सगळेच मरीन म्हणतात. आणि काम मृगाच्या आत उरकायला सांगा, एकदा पाऊस लागला की पॉलिश वाळायचं नाव घेत नाही.”

“ताई, संध्याकाळी चहाला याच तुम्ही. ह्यांच्यासमोरच बोला हे सगळं.”

“येते. पण कार्ल्याचा विषय तुम्हीच काढा हं. मी काढला तर म्हणतील, शेजारणीनं फितवली.”