शालबाईंना खुले पत्र

आदरणीय शालबाई,


तुम्ही मला ओळखत नसाल. फोटोत मी कधी नसते, कारण फोटो मीच काढते. मी मूळची कन्नडची. सध्या एका विद्यापीठात पुरातत्त्व शिकते आणि ‘कमवा व शिका’मधून तिथल्या वस्तुसंग्रहालयाचं फेसबुक-इन्स्टाग्राम सांभाळते. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. अंतर्गत गुण अजून यायचे आहेत.

तुम्हाला मात्र मी पुरती ओळखते. दालनात मृण्मूर्ती आहेत, सातवाहनांची नाणी आहेत, वीरगळ आहेत. पण आमच्या पानावर सगळ्यात जास्त झळकलेली वस्तू तुम्ही आहात. कुणाची नियुक्ती झाली, तुम्ही. कुणी निवृत्त झालं, तुम्ही. कुणी सहज बघायला आलं, तरी आधी तुम्ही आणि मग चहा. सोबत श्रीफळ असतंच, पण ते बिचारं पोटाशी धरलेलं, कोपराआड दडलेलं. चेहऱ्याखालची जागा तुमची.

यंदा १८ मेला आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन होता. १९७७ सालापासून जगभर तो पाळतात, म्हणून आम्हीही पाळला. त्या दिवसासाठी मी दारातल्या वीरगळावर रील केलं होतं. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत लढाई, त्यावर अप्सरा वीराला स्वर्गात घेऊन चालल्या आहेत, त्याच्याही वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याचं नाव राहो. गंमत अशी की रील बघणाऱ्याचा अंगठाही खालून वरच जातो. मी कॅमेरा तसाच नेला, मागे हलगी लावली आणि सकाळीच टाकून दिलं.

लोकांनी बघितलं हो, शालबाई! नेहमी आमच्या पोस्टला ‘अभिनंदन सर’ याखेरीज काही येत नाही. या वेळी माणसं बोलायला लागली. कुणाच्या आजोळी मारुतीच्या पारामागे असलाच दगड होता, कुणी त्याला शेंदूर लावून म्हसोबा म्हणत होतं. एका मुलानं लिहिलं, आमच्याकडं असल्याच दगडाला म्हैस बांधतात. मी लिहिलं, म्हैस दुसरीकडे बांध आणि दगडाचा फोटो पाठव. त्यानं खरंच म्हैस हलवली, दगड धुतला आणि फोटो टाकला. चौकटी झिजलेल्या, पण गाईंचा कळप स्पष्ट दिसत होता. गोधन राखताना पडलेला कुणीतरी. कुठल्याही यादीत नसलेला.

दुपारी कार्यक्रम झाला. प्रमुख पाहुणे आले, तुम्ही त्यांच्या खांद्यावर चढलात. स्वागताचा फ्लेक्स नेमका वीरगळासमोर उभा केला होता, त्यामुळे फोटोत त्याचा फक्त चंद्र आला. मग निरोप आला: सत्काराचा फोटो सगळ्यात वर दिसला पाहिजे. मी म्हटलं, पिन करते, वरच राहील. पण पासवर्ड निम्म्या विभागाकडे आहे. संध्याकाळी बघते तर रील नाही. पानावर ‘गर्दी’ दिसत होती म्हणून कुणीतरी काढून टाकलं. रीलबरोबर सगळी बोलणी गेली, धुतलेल्या दगडाचा फोटो गेला, त्या मुलाचं गावही गेलं.

इथे मला थट्टा सुचत नाही. पुरातत्त्व शिकवणारी माणसं आहेत ही. पायी फिरून, पाटलाला विचारून, गुराख्याला विडी देऊन असल्या दगडांची नोंद करत हिंडायचं, असं वर्गात सांगतात. इथे दगड स्वतः चालत दारात आला आणि यांनी त्याला पाहुण्यांच्या वाटेत येतोस म्हणून हाकललं. ही लाज वाटण्याची गोष्ट आहे आणि ती कुणालाच वाटलेली नाही.

असो. त्यांना हे पत्र लिहिता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

किरकोळ तक्रारी बऱ्याच आहेत. मोबाइल माझा, नेट माझं, मानधन येतं तेव्हा येतं. पण नावांचं प्रकरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या प्रत्येक फोटोखाली मला सगळ्यांची नावं पदांसह, मानाच्या क्रमानं लिहावी लागतात. एकदा डॉक्टरांच्या आधी प्राध्यापक गेले, तर अर्धा दिवस वातावरण तंग. आमच्या कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथे सापडलेला बुटका, ढेरपोट्या, हसरा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर ब्राह्मीत कोरलंय की हा कण्हदास नावाच्या सोनारानं घडवला. उद्घाटक कोण, अध्यक्ष कोण, काही नाही. ज्यानं काम केलं त्याचं नाव, तेही कामाच्या हातावर. आता पितळखोऱ्यात बड्या लोकांची नावं नाहीत असं नाही. पैठणच्या गंधिक कुळातल्या मितदेवाचं आहे, राजवैद्य मागिलाचं आहे. पण मितदेवानं अख्खा खांब दान दिला होता, शालबाई. आमचे पाहुणे नारळ घेऊन गेले.

संग्रहालयानं पानावर काय टाकावं, याचं एक उदाहरण सांगते. इंग्लंडात रेडिंग विद्यापीठाचं ग्रामीण जीवनाचं संग्रहालय आहे. नांगर, बैलगाडी, शेतीची अवजारं, असलं सगळं. २०१८च्या एप्रिलमध्ये त्यांनी ट्विटरवर एका दांडग्या मेंढ्याचा जुना फोटो टाकला, सोबत एक मिश्कील ओळ. तो जगभर गाजला आणि नांगरांच्या त्या संग्रहालयाचं नाव नांगर न पाहिलेल्यांनाही कळलं. मी हे उदाहरण बैठकीत सांगितलं. पहिला प्रश्न आला, “यात कुलगुरू कुठे आहेत?”

तुमच्यावर इतकी आग पाखडून झाल्यावर एक गोष्ट कबूल केली पाहिजे, शालबाई. तुमच्या काठाला चहाचा डाग आहे. त्यावरून मी तुम्हाला निरनिराळ्या खांद्यांवर ओळखलंय. फ्लॅश पडतो तेवढा वेळ तुम्ही अंगावर. मे महिन्यात शाल कोण पांघरेल? पुढच्या क्षणाला तुमची घडी, मग खुर्चीची पाठ, आणि पाहुणे गेस्ट हाऊसवर तुम्हाला विसरून निघून जातात. शिपाईकाका उचलून आणतात, कपाटात ठेवतात, पुढच्या वेळी नवं प्लॅस्टिक चढवतात. आमच्या जिल्ह्यात हिमरू विणतात, सुती ताणा आणि रेशमी बाणा. तसं काही घराणं तुमचं नाही. तुम्ही घाऊक बाजारातून आलेल्या. इतक्या थोरांच्या गळ्यात पडूनही तुमची ऊब एकालाही लागलेली नाही, आणि फोटोखालच्या नावांत तुमचं नाव मी कधी लिहिलेलं नाही.

आता कामाचं. सत्र संपताना ‘समाजमाध्यमांतील उल्लेखनीय योगदाना’बद्दल माझाही सत्कार ठरला आहे. कपाटात सध्या तुम्हीच आहात, म्हणजे भेट होईलच. मी तुम्हाला गेस्ट हाऊसवर विसरणार नाही. कन्नडला घेऊन जाईन, आमच्या आजीला थंडीत गुडघ्यांवर घ्यायला काहीतरी हवंच आहे. फक्त त्या दिवशी फोटो कोण काढणार, हे विचारलं तर सगळे माझ्याकडेच बघतात.

आपली,
फोटोत नसलेली