काहिलीला नाक नसतं

आमच्या इमारतीच्या आवारात, पाण्याच्या टाकीला पाठ लावून, एक मेटाडोर उभी असते. आकुर्डीच्या कारखान्यात जन्मली, तरुणपणी शाळेची पोरं वाहिली, पुढे एका मांडववाल्याकडे खुर्च्या आणि झालरी वाहिल्या, आणि शेवटी भंगारवाल्याच्या दारात, एकेकाळी गावभर मिरवलेल्या बँडवाल्यासारखी, गप्प बसून राहिली. तिथून तिला वरच्या मजल्यावरच्या काकांनी आणलं. काकांनी उभी हयात बँकेत दुसऱ्यांचे हिशेब जुळवण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात, गुडघे दाखवतात किंवा पुतण्यांची लग्नं जमवतात. काकांनी मेटाडोर घेतली आणि तिच्यात घर बांधायला सुरुवात केली. सोसायटीच्या वहीत तिची नोंद 'इतर' या सदरात झाली. याच सदरात आधी एक मोडका झोपाळा होता.

संध्याकाळी मी खाली उतरलो की गाडीच्या पोटातून रंध्याचा आवाज यायचा. मग मागचं दार उघडायचं आणि भुशात माखलेल्या मिशा बाहेर यायच्या. "या, बसा. पाय पुसून या हं, हॉल आहे." हॉल म्हणजे साडेतीन फूट जागा. तिथेच स्वयंपाकघर, तिथेच शयनगृह, आणि खिडकीत कोपर टेकलं की गॅलरी. भांडी घासायला स्टीलच्या परातीला मधोमध भोक पाडून बेसिन केलेलं. पडदे काकूंच्या जुन्या इरकली लुगड्यांचे. छताला मांडवाच्या काळातला जरीचा एक धागा अजून चिकटलेला होता. काकांनी सगळं छत खरवडून रंगवलं, पण तेवढा धागा ठेवला. विचारलं तर म्हणाले, "राहू दे. कुणाच्या तरी लग्नातला आहे."

काकांची खरी झटापट लाकडाशी नव्हतीच. ती होती 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 शी. कारखान्याने गाडी जशी घडवली आणि नोंदणीच्या कागदावर तिचं जे रूप लिहिलं गेलं, त्यात मालकाने परस्पर फेरफार करू नये, असा त्या कलमाचा मथितार्थ. काकांनी ते कलम स्वच्छ अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवलं होतं. लोक तिथे गणपती चिकटवतात. पलंग ठोकून बसवला तर तो गाडीचा बदल, आणि दोरीने बांधून ठेवला तर ते प्रवाशाचं सामान, असा त्यांनी आपल्यापुरता निवाडा केला होता. तो कोणत्या न्यायालयात टिकेल ते मला सांगता येणार नाही. पण त्यामुळे त्या घरात काहीही ठोकलेलं नाही. पलंग बांधलेला, ओटा बांधलेला, शेगडी बांधलेली, पाण्याचा पन्नास लिटरचा कॅन बांधलेला. आत गेलं की भारा बांधून निघालेल्या वारकऱ्याच्या पडशीत शिरल्यासारखं वाटतं.

ते बांधणं बघून मला सांगड आठवायची. नदीकाठच्या माणसाला सांगड म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. वाळलेले भोपळे, लाकडं, पुढच्या काळात पत्र्याचे डबे, जे तरंगेल ते एकमेकांना बांधायचं आणि त्याच्या आधाराने पैलतीर गाठायचा. आपण आज परिसंवादात परंपरेची आणि आधुनिकतेची सांगड घालतो, तेव्हा हा शब्द एकेकाळी कमरेपर्यंत भिजलेला होता हे आपल्या गावीही नसतं. आणि भोपळ्याचा हा केवढा मोठेपणा! वर्गात तो ज्याला मिळायचा त्याला बाकावर उभं करत. पण नदीला पाणी असताना गणितात पैकीच्या पैकी मिळवणारा काठावरच राहायचा आणि भोपळेवाला पलीकडे जायचा. लेकीकडे निघालेल्या गोष्टीतल्या म्हातारीनेही परतीला भोपळाच निवडला होता. वाघ-कोल्ह्यांच्या रानातून जायचं, तर भाजीची वस्तू आतून पोकळ करून तिची गाडी करणारी ती बाई आमच्या काकांची मूळ पूर्वज असली पाहिजे. तिला कुणी कलम दाखवलं नाही, एवढंच.

माझ्या आजोळी भोपळ्यांच्याही वर एक जहाज होतं. काहील. कृष्णाकाठी उसाच्या गुऱ्हाळात चुलवाणावर बसते ती लोखंडी, पसरट, अंगणाएवढी कढई. हिवाळाभर तिच्यात रस रटरटायचा, गुळव्या मळी काढायचा, आणि आम्ही पोरं कडेला उसाची कांडी घेऊन टपलेली असायचो. पावसाळ्यात नदी पात्र सोडून वर आली की हीच काहील पाण्यात ढकलली जायची. पूर आला की त्या भागात अडकलेली माणसं, म्हाताऱ्या, शेळ्या, धान्याची पोती, सगळं काहिलीतून हलवत. चारजण चार बाजूंना तोल साधून बसायचे, दोघं पट्टीचे पोहणारे कडेला धरून ती ढकलायचे, आणि मामा ओरडायचा, "हलू नगा! कुणी शिंकायचं न्हाई!"

काहिलीला नाक नसतं. होडीला कुठे जायचं ते ठाऊक असतं, निदान तसं तोंड तरी ती करून असते. काहील गोल. तिला पुढे नाही, मागे नाही. ढकलली की ती पुढे सरकते, पण फिरत फिरत, जात्यावरच्या खुंट्यासारखी. एका पावसाळ्यात आजीला पलीकडे न्यायचं होतं. तिचं माहेर नदीच्या त्या काठाला आणि सासर या काठाला. मधोमध ती पिशवी पोटाशी धरून बसली. काहील फिरू लागली. उतरल्यावर आम्ही तिला विचारलं, भीती वाटली का? ती म्हणाली, "कशाची भीती? एकदा माहेर दिसायचं, एकदा सासर. डोळ्याचं पाणी पुसायला सवड न्हाई." पुढे पाणी ओसरलं, काहील घासली गेली आणि परत चुलवाणावर चढली. त्या वर्षीचा गूळ मला नेहमीपेक्षा किंचित खारट लागला होता. मामा म्हणाला, तुझ्या जिभेचा दोष आहे. असेल.

काकांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी मला बदल्यात दोन दिल्या. पहिली जोशुआ स्लोकम या दर्यावर्द्याची. अमेरिकेत फेअरहेवन गावी, समुद्रापासून बऱ्याच आत, एका शेतात टेकू देऊन ठेवलेली कुजकी होडी त्याला एका कप्तानाने देऊन टाकली. अर्धी थट्टाच होती. स्लोकमने जवळचा ओक तोडून तिला नवा कणा घातला, एकेक फळी बदलली. येणारे-जाणारे विचारायचे, यातून काही सुटणार आहे का? 13 महिने लागले आणि 553 डॉलर 62 सेंट. 'स्प्रे' नावाच्या त्या होडीतून 24 एप्रिल 1895 रोजी तो बोस्टनहून एकटा निघाला आणि 27 जून 1898 रोजी पृथ्वीला वळसा घालून परतला. असा एकट्याने वळसा घालणारा तो पहिला. त्याच्याकडचं घड्याळ पत्र्याचं, तबकडी फुटलेली म्हणून डॉलरभरात मिळालेलं. पुढे त्याचा मिनिटकाटाही गेला, तेव्हा स्लोकमने ते उकळून काढलं आणि ते पुन्हा तास दाखवू लागलं. पण काकांचे डोळे पाणावतात ते यातल्या कशानेही नाही. ते पाणावतात 62 सेंटनी. "जगाला चक्कर मारणारा माणूस सुट्टे पैसे लिहून ठेवतो," असं म्हणून ते स्वतःची वही उघडतात. तिच्यात वॉशरचे दीड रुपये लिहिलेले असतात.

दुसरी गोष्ट बेन कार्लिनची, आणि ही सांगताना काकू तिथे नसाव्यात अशी काका काळजी घेतात. हा ऑस्ट्रेलियाचा, दुसऱ्या महायुद्धात हिंदी लष्कराच्या इंजिनियर दलात होता. बंगालातल्या एका विमानतळावर त्याला पाण्यात आणि जमिनीवर चालणारी जीप दिसली आणि जगप्रदक्षिणेचं खूळ डोक्यात शिरलं. या जिपा नदी-नाले ओलांडायला केलेल्या, समुद्रात बुडणाऱ्या म्हणून बदनाम. त्याने तसलीच एक घेऊन तिच्यावर खोलीएवढं टपरं चढवलं, नाक लांबवलं आणि नाव ठेवलं 'हाफ-सेफ'. ते म्हणे घामाच्या वासावरच्या एका औषधाच्या जाहिरातीतून उचललेलं. काही फसलेल्या प्रयत्नांनंतर जुलै 1950 मध्ये तो बायकोला शेजारी बसवून हॅलिफॅक्सहून निघाला आणि इंधनाची टाकी मागे ओढत, महिन्याभराने अॅझोर्स बेटांना लागला. 1958 मध्ये कॅनडात परतून त्याने फेरी पुरी केली. ती जीप आज पर्थजवळच्या एका शाळेत ठेवलेली आहे.

"आणि बायको?" काकू चहा घेऊन नेमक्या त्याच क्षणी आल्या.

"ती... होती की. बराच प्रवास होती."

"बराच म्हणजे? उतरली कुठे ते सांगा."

काकांनी वॉशर शोधायला घेतलं. एलिनॉरला समुद्र मुळीच सोसत नसे. ती वाटेत उतरली, पुढे संसारातूनही उतरली, आणि उरलेलं जग कार्लिनने दुसऱ्या सोबत्यांना घेऊन पुरं केलं. काकू कप ठेवून म्हणाल्या, "मी वाटेत उतरणार नाही. पण उशी माझी घेईन."

तीन वर्षांनी, मार्चमधल्या एका पहाटे, मेटाडोर निघाली. बेत माझ्या आजोळचा होता. काहील आता माळवदाखाली पालथी पडलेली आहे, तिच्यावर गोवऱ्या वाळतात. ती काकांना बघायची होती. मी मागे पलंगावर, ते दोघं पुढे. खंबाटकी घाटाच्या मध्यावर मेटाडोरने दीर्घ उसासा टाकला आणि वाफेत नाहीशी झाली. काका खाली उतरून धीराने पाणी ओतू लागले. काकू न बोलता मागे आल्या, दोरी सोडून शेगडी सरळ केली आणि आधण ठेवलं. रेडिएटर आणि चहा साधारण एकाच वेळी शांत झाले. चहा उत्तम झाला होता. परातीच्या बेसिनमधून पाणी नीट गेलं. पडदे मिटले. पलंग हलला नाही. घर म्हणून त्या मेटाडोरमध्ये काडीचा दोष नव्हता.

रात्र तिथेच, एका ढाब्याच्या कडेला काढली. मी ढाब्याच्या बाजेवर. मागचं दार उघडं होतं आणि दोघं त्यात पाय सोडून, आलेल्या रस्त्याकडे तोंड करून बसले होते. ट्रकचे दिवे वळणावळणाने वर चढत होते. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग काकूंचा आवाज आला, "गॅस बंद केला होता ना हो घरचा?" आणि काकांचा, "केला होता." थोड्या वेळाने पुन्हा, "आणि इथला?"

दुसऱ्या दिवशी आम्ही परतलो. एकूण प्रवास जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. काकांच्या वहीत तो सुट्ट्या पैशांसकट लिहिलेला आहे. नवा रेडिएटर बसला आहे आणि कृष्णाकाठाचा बेत पुन्हा ठरला आहे. अडचण एकच उरली आहे. काकूंच्या बाजूची, म्हणजे डाव्या दाराची, काच खाली-वर करायचं हँडल मिळत नाही. सध्या तिथे पक्कड लावून काच फिरवतात आणि काकूंना ते पसंत नाही. जुना बाजार पालथा घालून झाला. तुमच्या माळ्यावर, गॅरेजमध्ये किंवा परसात कुठे जुन्या मेटाडोरचं असं हँडल पडलं असेल, तर कृपया कळवा. गंजलेलं चालेल. फक्त आषाढाच्या आत मिळालं तर बरं.