दोन ते तीनच्या मध्ये

आमच्या हिवरखेडवरून अकोला–खंडवा मीटरगेज गाडी जायची, तिचा खडखडाटही माझ्या नाडीपेक्षा नेमका होता. लहानपणी घसा धरून ताप आला, सांधे सुजले, उतरलेही. कुणी मनावर घेतलं नाही. पण त्या तापानं हृदयाची एक झडप आकसवून ठेवली आणि साठी उलटल्यावर ठोक्यांचा ताल बिघडला. वरचा कप्पा नीट आकुंचन न पावता नुसता थरथरतो, त्यात रक्त रेंगाळतं, रेंगाळलं की गोठतं आणि गुठळी मेंदूकडे निघाली की पक्षाघात. म्हणून रोज संध्याकाळी एक गोळी. कायमची.

गाव तिला 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतं. शेजारच्यानं काळजीनं विचारलं, "मास्तर, उनायात अजून पातय होत असन न?" मी समजावलं, रक्त पातळ होत नाही, गोठायला उशीर लागतो एवढंच. तो म्हणाला, "थेच त म्हनतो मी, पातयच झालं न!"

या गोळीचा जन्म मात्र त्याला लगेच कळला, कारण तो गोठ्यातला आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेत आणि कॅनडात गुरं रक्तस्राव होऊन मरू लागली. शिंगं कापली तरी रक्त थांबेना. कारण निघालं बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हरचा चारा. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एड कार्लसन नावाचा शेतकरी भर हिमवादळातून मेलेली कालवड, तो चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. काही वर्षांनी त्या चाऱ्यातलं द्रव्य सापडलं. त्याच्याच वळणाचं वॉरफरिन १९४८ मध्ये बाजारात आलं, तेही उंदीर मारायला! माणसांसाठी मंजुरी १९५४ ची. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही तेच दिलं. आपल्या कृषी केंद्रात उंदरांसाठी मिळणारं ब्रोमॅडिओलोन याच खानदानातलं. शेजारी एवढंच म्हणाला, "म्हंजे भिजलेलं कुटार ढोराईले घालू नोका, हे माहा बुढा उगाच नोता सांगत."

गोळीचं काम सरळ आहे. रक्त गोठवणारे घटक तयार करायला यकृताला 'के' जीवनसत्त्व लागतं, गोळी तिथे आडवी येते. परिणाम मोजायला आयएनआरची तपासणी. निरोगी माणसाचा आकडा १ च्या आसपास, माझा २ ते ३ च्या मध्ये हवा. खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. त्यासाठी अकोटची एसटी धरायची, दंड पुढे करायचा आणि दहावीच्या पोरासारखं निकालाची वाट पाहायची.

खरा घोळ पालेभाजीचा, कारण 'के' जीवनसत्त्व ठासून भरलेलं तिच्यात. आणि वऱ्हाड खातं हंगामानुसार. पावसाळ्यात तरोटा नि अंबाडी, हिवाळ्यात मेथी, पालक आणि मातीमोल झालेला सांभार, म्हणजे कोथिंबीर. मग घरोघरी सांभारवडी. डॉक्टरांनी बंदी घातली असती तर सोपं होतं. उपास आम्हाला जमतो, पोटाला तडस लागेस्तोवर खाणंही जमतं. पण ते म्हणाले, "सगळं खा, फक्त दर आठवड्याला सारखंच खा." हे आमच्या सात पिढ्यांत कुणी केलेलं नाही. "घ्या न मास्तर, दोन वड्यायनं काय होते?" म्हणणाऱ्या यजमानिणीला आयएनआर कसा सांगायचा? मी वड्या मोजून घेतो आणि कंजूष पाहुणा म्हणून नाव मिळवतो.

गुडघा ठणकला तरी मेडिकलवाल्याकडून परस्पर गोळी घेता येत नाही, कारण बरीच वेदनाशामकं या औषधासोबत रक्तस्राव वाढवतात. शेतात विळा हाती घेतला की बांधावरून चौघे ओरडतात.

पुण्याचा भाचा फोनवर म्हणतो, "मामा, नव्या गोळ्या घ्या. तपासणी नको, भाजीचा हिशेब नको." त्याचं खरं आहे, पुष्कळांना त्या चालतात. पण माझी झडप संधिवाताच्या तापानं आकसलेली. अशा रुग्णांचा २४ देशांतला मोठा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, साडेचार हजारांवर माणसं होती त्यात. त्यात जुन्या पठडीचीच गोळी सरस ठरली. म्हणून मी एड कार्लसनच्या कालवडीशी इमान राखून आहे.

गंमत अशी की हृदयानं नियम सोडला, आणि तो सगळा मालकाच्या गळ्यात पडला. जेवण वेळेवर, गोळी वेळेवर, भाजी मापात, झोप ठरलेली. आयुष्यभर पोरांना शिस्त शिकवली, ती स्वतःला लागली ती निवृत्तीनंतर. परवा आकडा २.४ आला. कागद बायकोपुढे धरला. तिनं चष्मा लावून नीट वाचला आणि म्हणाली, "जलमभर म्या सांगतलं तं आयकलं नाही, उंदराच्या औषदाचं बरं आयकता!"