हवेचं बिल वाचवणाऱ्या साहेबांना

माननीय खरेदीप्रमुख साहेब,



ड्रॉइंगमधला 450 मिलिमीटरचा केबल ट्रे खोडून आपण 300चा मागवलात, त्याबद्दल आपलं अभिनंदन करायचं राहूनच गेलं.

हिशेब बिनतोड आहे. ट्रान्सफॉर्मरकडून पॅनेलकडे चार केबली. साडेतीन कोअर, 240 स्क्वेअर एमएम, आर्मर्ड. एकेकीची जाडी साठेक मिलिमीटर. साठ चोक दोनशे चाळीस, वर साठ शिल्लक. डिझायनरने मात्र दर दोन केबलींमध्ये एका केबलीएवढी फट सोडली, 420 धरले आणि 450 लिहून मोकळा झाला. हवेचे पैसे कंपनीने का भरावेत?

फक्त ती हवा कामावर होती, साहेब. केबल तापते. केबली मांडीला मांडी लावून बसवल्या तर प्रत्येकीवरचा करंट साधारण पाचव्या हिश्शाने उतरवावा, असं तक्ते सांगतात. ब्रेकरला ट्रेची रुंदी कळत नाही. तो अँपिअर मोजतो, आणि अँपिअर नियमात आहेत. आत इन्सुलेशन भाजतंय, हे त्याच्या गावीही नाही. त्यात धूळ बसू नये म्हणून आपण वर पत्र्याचं झाकण मागवलंत. भोकांचा ट्रे घ्यायचा आणि वरून झाकायचा, हे डिझायनरला सुचलं नसतं.

पॅनेल रूमबाहेरचा कोपरा एकदा स्वतः येऊन पाहावा. अशी केबल वळवताना त्रिज्या जाडीच्या बारा पट लागते, म्हणजे 720 मिलिमीटर. आपण तयार बेंड घेतलात 300 त्रिज्येचा. चौघांनी खांदा लावून केबली वळवल्या. त्या आता ट्रेची कड सोडून वर आल्या आहेत, काळ्या आवरणाला सुरकुत्या पडल्यात आणि एकीला पत्र्याची धार लागून बोटभर चीर गेलीय. ठेकेदाराने चिरेवरच केबल टाय आवळून फोटो पाठवला. बिल पास झालं. झाकण तिथे बसत नाही, एवढंच काय ते बरं. तेवढ्या हातभर जागेत केबलींना वारा लागतो.

उपाय आहे. फूटभर वर आणखी एक 300चा ट्रे टांगायचा आणि दोन केबली तिकडे न्यायच्या. चिरलेली केबल बदलावी लागेल, तो खर्च वेगळा. दोन ट्रे मिळून 450पेक्षा किती महाग पडले, हे आकडेमोडीचं काम आपल्याइतकं चटकन कोणाला जमणार?

आपला नम्र,
मेंटेनन्स विभाग

ता. क. नव्या लाइनची पाचवी केबल ड्रमसकट गेटवर आली आहे. ‘शिल्लक 60 मिमीमध्ये बसवावी’ हा आपला शेरा मिळाला. सीसीटीव्हीच्या वायरीही त्याच ट्रेमधून न्यायच्या आहेत म्हणे. सीसीटीव्हीवाल्यांना थेट आपल्या केबिनमध्ये पाठवलं आहे.