छापवाले आप्पा

जुन्या वस्तू जमवणाऱ्यांत दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाला नामवंत वस्तू लागते: रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी, राणीछाप रुपया, कुत्र्याचं चित्र असलेला ग्रामोफोन. या पंथात पैसा लागतो. दुसऱ्या पंथाला जिच्या कर्त्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही अशीच वस्तू हवी असते. तिथे पैसा कमी लागतो, वेळ अमाप लागतो आणि घरच्यांची सहनशक्ती किती लागते याला माप नाही. आप्पा दुसऱ्या पंथाचे. खिशात मावणारे, घडीचे, जुने चाकू ते जमवतात आणि तेही अशा कारागिरांचे, ज्यांना त्यांच्या हयातीत शेजारच्या गल्लीनेही फारसं विचारलं नसेल.

आप्पा भेस्तानला राहतात. सुरतच्या दक्षिणेला, उधना आणि सचिन यांच्या मधलं हे स्टेशन. मोठ्या गाड्या इथून शिट्टी वाजवत निघून जातात. उधन्याहून फुटणारी ताप्ती खोऱ्याची लाइन थेट जळगावला पोचते, त्यामुळे निम्मा खानदेश त्या रुळांवरून इकडे उतरला आणि लूम्सच्या खात्यांत, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यांत, शिरला. आप्पाही त्यातलेच. धुळ्याकडून आले, कारीगर झाले, मग मुकादम, आता निवृत्त. खरं सांगायचं तर आप्पा हे एका माणसाचं नाव नाही; अशा छंदिष्टांची मोट बांधून त्यांना दिलेलं ते संबोधन आहे. कुणाला आपल्या मामांचा भास झाला तर तो मामांचा दोष.

आप्पांच्या हातात चाकू दिला की ते पात्याकडे बघत नाहीत, धारेकडे तर नाहीच नाही. अंगठ्याचं नख पात्याच्या खाचेत घालून ते चाकू अर्धा उघडतात आणि पातं मुठीला मिळतं त्या मुळाशी डोळा लावतात. छाप तिथे असते. त्यासाठी त्यांच्याकडे खास भिंग आहे, कापडाचे धागे मोजायचं, पितळी, तीन घड्यांचं. खात्यात असताना त्याने इंचात किती धागे बसले ते मोजायचे, आता मेलेल्या माणसांची नावं वाचतात. भिंगातून डोळा न काढता पहिला प्रश्न येतो, ‘‘हाऊ कोना शे?’’ म्हणजे, हा कुणाचा?

मग चाकू कानाशी जातो. पातं मिटताना पाठीतल्या स्प्रिंगने ‘टक्’ असा खणखणीत आवाज करायला हवा, ही जगभरच्या चाकूवाल्यांची परीक्षा. गंमत अशी की आयुष्य लूम्सच्या खडखडाटात गेल्याने आप्पांना एरवी ऐकू येत नाही. दारावरची बेल येत नाही, ‘जेवायला चला’ येत नाही, लाइट बिलाची आठवण तर मुळीच येत नाही. पण दीडशे वर्षांपूर्वीच्या स्प्रिंगचा ‘टक्’ त्यांना येतो आणि त्यात किंचित ढिलाई असली तर तीही येते.

नामवंतांचा त्यांना तिटकारा आहे. इंग्लंडातल्या शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्सचा चाकू कुणी कौतुकाने पुढे केला की ते त्यावरची चांदणी आणि क्रॉस लांबूनच ओळखतात. ती छाप १६८२ची आहे, असं तुटकपणे सांगून चाकू परत करतात. याच रॉजर्सने १८२२ साली एक चाकू केला, त्याला तितकीच, म्हणजे १८२२ पाती. १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी दुसरा केला, ७५ पात्यांचा, कोरीवकामाने मढवलेला. त्याचा फोटो भाच्याने मोबाइलवर दाखवला तेव्हा आप्पा म्हणाले, ‘‘हा चाकू नाही, हे रुखवत आहे.’’

आप्पांचा जीव अडकतो तो खाली, कामगारवस्तीत. यात त्यांचं डोकं विलक्षण चालतं आणि इथे त्यांना हसणाऱ्याने जरा थांबावं. सुरतेत साडी एका हाताने होत नाही. सूत एकाचं, खातं दुसऱ्याचं, रंगाई-छपाई पांडेसऱ्याच्या मिलमध्ये, टिकली-लेस आणि धागाकटिंग घरोघरच्या बायकांकडे, आणि लेबल लागतं रिंग रोडच्या मार्केटमधल्या शेठचं. एकोणिसाव्या शतकातलं शेफिल्ड हुबेहूब असंच होतं. पातं ठोकणारा एक, सहाणेवर घासणारा दुसरा, मूठ चढवून जोडणी करणारा तिसरा. त्यांना तिथे ‘लिटल मेस्टर’ म्हणत. वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या इमारतीत एखादा कोपरा भाड्याने घ्यायचा, पट्ट्यावर दगड फिरवायचा, आठवड्याचा माल पेढीवर नेऊन टाकायचा. नाव पेढीचं ठोकलं जायचं. घासणाऱ्यांच्या छातीत दगडाची धूळ बसायची आणि पुष्कळजण तरणेताठेच जायचे. आप्पांना हे कुणा पुस्तकाने समजावून द्यावं लागलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘म्हणजे जॉबवर्क?’’ आणि ते त्या दिवसापासून शेफिल्डकरांचे भाऊबंद झाले. त्या मेस्टरांपैकी स्टॅन शॉ हा अगदी शेवटचा मानला गेलेला कारागीर २०२१ मध्ये पंचाण्णवीच्या घरात वारला, तेव्हा आप्पांनी घरात चहा घेतला नाही. कोण वारलं ते घरच्यांना संध्याकाळी कळलं. मग जे बोलणं झालं ते इथे नको.

हात एकाचा आणि नाव दुसऱ्याचं, त्यामुळे छापेवर आप्पांचा विश्वासही आहे आणि नाहीही. शेफिल्डमध्ये चाकूवाल्यांचा संघ १६२४ साली कायद्याने स्थापन झाला आणि छापा तोच देई; पण छाप विकली जाई, दुसऱ्याच्या हाती जाई. जॉर्ज वोस्टनहोमची प्रसिद्ध ‘आय-एक्स-एल’ छाप मुळात १७८७ साली भलत्यालाच मिळाली होती. पुढे जर्मनीतल्या झोलिंगनचे लोक आपल्या मालावर शेफिल्डची नावं ठोकू लागले, तसा इंग्रजांनी १८८७ साली खोट्या छापांविरुद्ध कायदा केला आणि दोनच वर्षांनी, १८८९ मध्ये, तो हिंदुस्थानातही आणला. या हिंदुस्थानी कायद्यात एक तरतूद अशी की कापडाच्या ताग्यावर त्याची लांबी वारात, ठळक आकड्यांत छापलेली हवी. चाकू आणि तागा एकाच कायद्यात! आप्पांना हा आपल्या आयुष्याचाच सारांश वाटतो. सत्यनारायणाला आलेल्या माणसालाही ते हे कलम ऐकवतात, प्रसाद हातात असतानाच.

छापेवरून काळ काढणं हा त्यांचा दुसरा आनंद. ‘स्टेनलेस’ असं कोरलेलं असेल तर चाकू १९१३च्या आधीचा असूच शकत नाही, कारण हॅरी ब्रिअर्लीने शेफिल्डात ते पोलाद त्याच साली ओतलं. मूठ कचकड्याची असेल तर वास घ्यायचा. जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून निघणारा वायू शेजारच्या पात्यालाही गंज चढवतो, म्हणून असे चाकू वेगळ्या डब्यात. जेफ्री ट्वीडेल या इतिहासकाराने शेफिल्डच्या चाकूवाल्यांची जाडजूड डिरेक्टरी केली आहे. एखाद्या छापेचा धनी तीत सापडला की दुसऱ्या कुणाला हर्ष होईल. आप्पांचा चेहरा पडतो. ‘‘मग तो काय, नावाजलेलाच निघाला,’’ म्हणत ते तो चाकू खालच्या खणात टाकतात.

नाव सापडलं नाही की मात्र आप्पांची प्रतिभा फुलते. भेस्तानच्या पुढचं स्टेशन सचिन. तिथे १७९१ पासून जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या नबाबाची गादी होती, ही गोष्ट खरी. आप्पांना सचिनच्या भंगारात मिळालेला चाकू नबाबाच्या मुनशीचा होता आणि त्याने तो बोरूला टोक करायला वापरला, ही गोष्ट आप्पांची. नवसारीला मिळाला तर पारशी दस्तुरजींचा. लष्करी चाकू, म्हणजे मागे दोरीच्या गाठी सोडवायचा सुळा आणि पात्यावर सरकारी बाणाची खूण असलेला, पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला तर तो थेट मेसोपोटेमियाहून आलेला. पुरावा मागितला की आप्पांना ऐकू येत नाही.

घरात चाकूंची संख्या ऐंशीच्या पुढे आहे आणि एक सोडला तर एकाही चाकूने काही कापलं जात नाही. संग्राहकांचा हा पाळलेला नियमच आहे: धार लावायची नाही. दगडावर घातलं की पातं झिजतं, मूळ आकार जातो, किंमत जाते. त्यामुळे भरताची वांगी आली की आप्पांच्या कारभारीण मुकाट्याने विळी काढतात. त्यांनी एकदाच विचारलं होतं, ‘‘एवढे चाकू, पण वांग्याचा देठ तरी कापता येतो का?’’ आप्पा म्हणाले, ‘‘ते कापायसाठी नाहीत.’’ ‘‘मग कशासाठी आहेत?’’ या प्रश्नावर अजून विचार चालू आहे.

पुढे जे घडलं त्याला घरात ‘तो मंगळवार’ म्हणतात. सायकल स्टँडवर चढवून पायडलने दगड फिरवणारा धारवाला गल्लीत आला. सून नवी, उत्साही. सासऱ्यांना आनंद होईल म्हणून तिने डबा उघडला, वरचे तीन चाकू नेले. आप्पा बँकेतून पासबुक भरून परतत होते. कोपऱ्यावरूनच ठिणग्या दिसल्या. ते धावले, पण तिसरा चाकू तेव्हा दगडावर होता आणि पात्याच्या मुळाशी, जिथे दोन ओळींत काहीतरी अस्पष्ट कोरलेलं होतं, तिथे आता आरशासारखा लख्ख पट्टा होता. धारवाल्याने अभिमानाने कागदाचा तुकडा धरला आणि सपकन कापून दाखवला. ‘‘नवो करी दीधो, काका!’’ सुनेने तीस रुपये दिले. आप्पा काही बोलले नाहीत. तो चाकू त्यांनी आत नेला आणि बराच वेळ भिंग लावून त्या लख्ख पट्ट्यात पाहत बसले. त्यात त्यांना स्वतःचाच डोळा दिसत होता. हल्ली तो चाकू स्वयंपाकघरात आहे, मिरच्या कापतो आणि, कारभारणीच्या मते, संग्रहातला तो एकच कामाचा आहे.

कायदा हा आप्पांचा नाजूक विषय. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला परवाना लागतो, हे त्यांना पाठ आहे. त्यांचं सर्वांत लांब पातं चार इंचांचं. पण सणासुदीला पोलीस आयुक्तांचा जाहीरनामा निघतो, तेव्हा चाकू बाळगण्यावर बंदी येते आणि इंचांचा हिशेब कुणी ऐकत नाही. गणपतीच्या आदल्या दिवशी नाक्यावर हवालदाराने पिशवी उघडायला लावली. आत सात चाकू, प्रत्येक जुन्या पायमोज्यात. ‘‘काका, आ शुं छे?’’ ‘‘कलेक्शन छे, साहेब.’’ ‘‘शेनुं कलेक्शन? कलम एकसो पांत्रीस लागशे.’’ आप्पांनी शांतपणे भिंग काढलं आणि हवालदाराला पहिली छाप दाखवली. अर्ध्या तासाने हवालदारच म्हणाला, ‘‘काका, तमे जाओ.’’

सांबरशिंगाच्या मुठीपासून मात्र ते चार हात लांब राहतात. एकेकाळी इथल्या जंगलातली शिंगं बोटीने शेफिल्डला जात आणि मुठी होऊन इथेच विकायला येत. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर त्यांचा व्यवहार म्हणजे घरात वनखातं बोलावणं. विकणारा ‘‘सांबर आहे, काका, असली’’ म्हणाला की आप्पा घाईघाईने म्हणतात, ‘‘नाही रे, हाड आहे, वर खाचा पाडल्यात.’’ हाडाला शिंगाचं रूप द्यायची ती पद्धत खरोखरच आहे, त्यामुळे निम्म्या वेळा आप्पांचं बरोबरही निघतं.

पुण्याला दिनकर केळकरांचं संग्रहालय ते पाहून आले. १९२०च्या सुमाराला सुरुवात करून दिवे, दौती, अडकित्ते गोळा करणारा, ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहिणारा हा माणूस आप्पांना देवासमान. सारा संग्रह त्यांनी सरकारला देऊन टाकला हे ऐकल्यावर कारभारीण चटकन म्हणाल्या, ‘‘मग आपणही देऊ या की!’’

आप्पांची खरी आस वेगळीच आहे. कुलपांच्या धंद्यात पडण्याआधी अर्देशिर गोदरेज मुंबईत शस्त्रक्रियेची हत्यारं बनवत होते: चिमटे, कात्र्या, सुऱ्या. माल घेणाऱ्याची अट अशी की त्यावर देशी छाप नको. अर्देशिर हटून बसले, छाप मारणार तर हिंदुस्थानचीच. आणि धंदा बसला. गोदरेजचं कपाट आळीतल्या प्रत्येक घरात आहे. आप्पांना गोदरेजची सुरी हवी आहे, त्या बसलेल्या धंद्यातली. चोरबाजारात मटन स्ट्रीटवर शुक्रवारी पहाटे टॉर्च घेऊन फिरताना ते सगळ्यांना विचारतात. दुकानदार त्यांना कपाटाच्या चाव्या दाखवतात.

परवा नवसारीच्या भंगारवाल्याचा फोन आला. फोन आला की आप्पा स्पीकर लावतात, त्यामुळे सारी चाळ ऐकते.

‘‘काका, एक चाकू आव्यो छे. मस्त रॉजर्स.’’

‘‘नको.’’

‘‘बीजो पण छे. जूनो छे, पण छाप घसाई गई. कंई वंचातुं नथी.’’

‘‘काहीच नाही? एक अक्षरही नाही?’’

‘‘ना, काका.’’

आप्पांचा एक पाय चपलेत गेलासुद्धा. ‘‘कोणाला दाखवू नको! आलोच. मेमू कधीची आहे गं?’’